हातभर मूळ, वीतभर माती: कोकणातल्या परसात बर्डॉक कसं वाढेल?

बियाण्यांच्या ऑनलाइन यादीत हल्ली 'बर्डॉक' किंवा 'गोबो' हे नाव दिसायला लागलं आहे. फोटोत गाजरापेक्षा बारीक, तपकिरी, हातभर लांब मुळं, आणि खाली 'लावायला सोपं' असं लिहिलेलं. दुसरीकडे फोनवर फिरणारे मेसेज याच मुळाला रक्त शुद्ध करणारं, साखर उतरवणारं ठरवून मोकळे होतात. मग कोकणातल्या एखाद्या घरी कुणीतरी पाकीट मागवतं, मृगाच्या पावसावर दोडकी-पडवळाबरोबर तेही पेरतं, आणि श्रावण येईपर्यंत रोपं कुजून जातात. 'परदेशी झाड, आपल्या हवेत व्हायचं नाही,' असा निकाल लागतो.

हा निकाल चुकीचा आहे. आपली हिवाळ्याची हवा या झाडाला मानवते. अडचण आहे ती पावसाची आणि जमिनीची. त्या दोन्हींतून वाट काढता येते, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान कोकणातल्या घराच्या आवारातच पडलेलं असतं.

हे झाड आहे तरी काय

बर्डॉकचं शास्त्रीय नाव आर्क्टियम लापा. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या कुळातलं हे झाड युरोप-आशियाच्या थंड पट्ट्यातलं. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात ते रानात आपोआप उगवतं. त्याचं आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी नुसती मोठी, हृदयाच्या आकाराची पानं येतात आणि सगळी शिदोरी जमिनीखाली सोटमुळात साठते. सोटमूळ म्हणजे खोडाखालून सरळ खोल जाणारं मुख्य मूळ. दुसऱ्या वर्षी त्या साठ्यावर फुलांचा दांडा उभा राहतो, बी धरतं आणि झाड मरतं. खायचं मूळ असतं ते पहिल्या वर्षाचं. दांडा आला की मूळ लाकडासारखं होतं.

त्याच्या फळांना बारीक आकडे असतात आणि ते कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटतात. १९४१ साली स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांनी कुत्र्याच्या अंगाला चिकटलेले हेच आकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं. चपलेच्या पट्ट्यावर 'चर्र' करून उघडतं ते.

भाजी म्हणून या मुळाची खरी कदर केली जपानने. तिथे त्याला गोबो म्हणतात. टोकियोच्या ताकिनोगावा भागावरून नाव पडलेली लांब जात तीन फुटांपर्यंत खाली जाते. सॅलडसाठी काढलेल्या आखूड जाती फूट-दीड फुटावर थांबतात आणि लवकर तयार होतात. आपल्याला हव्यात त्या आखूड जाती. का, ते पुढे येईलच.

पाऊस संपल्यावर पेरायचं

बर्डॉकच्या मुळाला पाणी हवं, पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, ती जागा पाण्याने भरली की मूळ गुदमरतं आणि कुजतं. दोन दिवस पाणी तुंबून राहिलं तरी या पिकाचं नुकसान होतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा जूनमध्ये पेरलेल्या रोपाचं काय होणार हे सांगायला नको.

पण याच पावसाळी पट्ट्यात पावसानंतरचे पाच महिने कोरडे, उबदार आणि स्वच्छ उन्हाचे असतात. बर्डॉकच्या मुळाची वाढ साधारण २० ते २५ अंश तापमानात उत्तम होते, आणि पानं त्याहून बरंच ऊन सोसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या कोकणाच्या रात्री या मापात बसतात, दुपारी थोड्या तापतात, इतकंच.

हा नुसता अंदाज नाही. तैवानच्या दक्षिण टोकाला पिंगतुंग नावाचा जिल्हा आहे, कर्कवृत्ताच्याही खाली. तिथेही उन्हाळा दमट, पाऊस धो धो आणि हिवाळा कोरडा. तिथले शेतकरी बर्डॉक शरद ऋतूत, पावसाचा जोर ओसरल्यावर पेरतात आणि हिवाळा सरल्यावर काढतात. त्याच जिल्ह्यातलं ग्वेलाई हे गाव या मुळासाठीच ओळखलं जातं. जपानच्या पाकिटावर 'वसंतात पेरा' असं छापलेलं असतं, ते त्यांच्या बर्फाच्या हिशोबाने. आपण तैवानचा हिशोब धरायचा: दसऱ्यानंतर पेरणी, शिमग्याच्या सुमारास काढणी. मधले दिवस होतात साधारण १२० ते १५०, आणि या पिकाला तेवढेच लागतात.

काढणी शिमग्यापर्यंत उरकण्याला आणखी एक कारण आहे. एप्रिल-मे आला की आपल्या विहिरी तळाला जातात आणि खाडीलगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. तोवर मुळं घरात आलेली बरी.

मुळाला फाटे का फुटतात

आता जमिनीची गोष्ट. इथे बहुतेक लोकांची निराशा होते: पानं झकास येतात, पण उपटल्यावर हातात येतं ते चार बोटांचं, वेडंवाकडं, पाच फाट्यांचं मूळ.

जास्वंदीचा शेंडा खुडला की बाजूच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात, हे आपण दरवर्षी पाहतो. मुळाचंही तसंच आहे, फक्त उलट्या दिशेला. मुळाच्या टोकाशी वाढीचा बिंदू असतो. तो शाबूत आहे तोवर मूळ सरळ खाली जातं. तो दगडाला अडला, कच्च्या शेणाच्या गोळ्याने भाजला, किडीने कुरतडला किंवा रोप उपटून दुसरीकडे लावताना तुटला, की बाजूची मुळं पुढे सरसावतात. पहिल्या काही आठवड्यांत बारीक दोऱ्याएवढं टोक खाली जात असतं, तेव्हाच पुढच्या मुळाचा आकार ठरतो. जाडी नंतर भरते. म्हणून पेरणीनंतर माती सुधारायला जाणं हा उशिरा सुचलेला शहाणपणा ठरतो.

कोकणात वरची माती वीत-दोन वीत, आणि खाली जांभा. नदीकाठच्या मळ्याच्या जमिनी सोडल्या तर हातभर मोकळी माती फार थोड्यांच्या परसात सापडते.

खाली खणू नका, माती वर आणा

पहिला विचार येतो तो पहार घेऊन खड्डा मारण्याचा. मला तो पटत नाही. कातळात मारलेला खड्डा म्हणजे दगडी भांडंच. भरपूर पाणी घातलं किंवा अवकाळी सर आली की ते तळाशी साचतं, आणि आपण ज्या कुजण्यापासून पळत होतो तेच पुन्हा समोर येतं. वर काढणीच्या वेळी हातभर मूळ न मोडता बाहेर काढण्याचा त्रास वेगळा.

त्यापेक्षा जांभ्याचे जुने चिरे घ्या आणि त्यांचा चौकोनी वाफा जमिनीच्या वर रचा, गडगा घालतो तसा कोरडा, चिखल किंवा सिमेंट न लावता. आतून चार फूट लांब, तीन फूट रुंद. उंची आखूड जातीला दोन फूट, लांब जातीला तीन. भिंत आतल्या बाजूला किंचित कलती ठेवावी, कारण ओली माती बाहेर रेटते. तळाला काही घालायचं नाही, फक्त जुनी माती कुदळीने मोकळी करायची. चिऱ्यांच्या फटींतून जादा पाणी आपोआप निथळतं.

कोरड्या रचाईचा खरा फायदा काढणीला कळतो. एका बाजूचे चिरे उतरवले की माती ढासळते आणि मुळं उभीच्या उभी उघडी पडतात. खणायचं नाही, ओढायचं नाही.

चिरे नसतील तर खताची रिकामी पोती चालतील. तळाला भोकं पाडून पोतं मातीने गच्च भरायचं, भिंतीला टेकवून उभं करायचं, एका पोत्यात तीन-चार रोपं. काढताना पोतं उभं चिरायचं. जपानमध्ये घरगुती बागेत ही रीत चांगली रुळलेली आहे. उन्हाने पोतं एका हंगामात फुटतं, तेवढं गृहीत धरा. गच्चीवर मात्र मोठा वाफा नको. तीन फूट उंच वाफ्यात जवळजवळ एक घनमीटर माती बसते आणि ओली झाल्यावर तिचं वजन टनाच्या वर जातं.

भरायला मळ्याची किंवा नदीकाठची गाळाची माती, नदीची रेती आणि वर्षभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. सगळं चाळून. सुपारीएवढा खडाही नको. समुद्राची वाळू घालू नका, तिच्यात मीठ असतं. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे. वाफा सप्टेंबर सरता सरता भरून ठेवावा, पाणी मारून माती बसू द्यावी, खाली गेली तेवढी वर पुन्हा घालावी.

आंबट माती

माती किती आम्लधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्याला सामू म्हणतात. ७ म्हणजे समतोल, त्याखाली आंबट. प्रचंड पावसाने आपल्या मातीतला चुना धुऊन जातो, म्हणून जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान असतो. काजूला, आंब्याला ते चालतं. बर्डॉकला ६ ते ७.५ लागतो. आंबट मातीत रोप पिवळसर, खुरटं राहतं आणि लोक खतं घालत बसतात.

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवालाप्रमाणे शेतीचा चुना मिसळा, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी. चुना आणि शेणखत एकाच दिवशी एकत्र करू नये, खतातला नत्र हवेत उडून जातो. चुलीची राखही सामू थोडा वर नेते आणि पालाश देते. पण प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख नको.

पेरणी ते काढणी

बी रात्रभर पाण्यात भिजवा. ते उजेडात चांगलं रुजतं, म्हणून खोल पुरायचं नाही. नखभर माती पुरे. सहा-सहा इंचांवर तीन-तीन बिया टाकाव्यात. रुजायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर वरची माती सुकू देऊ नये. ट्रेमध्ये रोपं करून लावण्याचा मोह टाळा. टोक तुटलं की फाटे आलेच.

रोपाला तीन-चार पानं आली की प्रत्येक ठिकाणी एकच ठेवायचं. इथे जपानी शेतकऱ्यांची एक खूण उपयोगी पडते: ज्याची पानं सरळ उभी आहेत ते ठेवा. ज्याची पानं आडवी पसरली आहेत किंवा जे बाकीच्यांपेक्षा भलतंच फोफावलं आहे, त्याचं मूळ खाली फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. काढायची रोपं उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. कात्रीने बुडाशी छाटा.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर द्यावं, म्हणजे मूळ ओल शोधत खाली जातं. वर भाताचा पेंढा किंवा आंब्याचा सुका पाला पसरावा. वाळवी फिरत असेल तर आच्छादन पातळ ठेवा. पानांखाली मावा येतो, पाण्याचा फवारा मारून तो बराच आटोक्यात राहतो.

रेताड मातीत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमी मुळांवर गाठी आणि डाग आणतात. त्यावर एक जुना आणि सिद्ध उपाय आहे, झेंडू. वाफा पाऊस सुरू होण्याआधीच तयार झाला असेल तर त्यात आधी झेंडू लावा, दसऱ्याला फुलं तोडा, मग झाडं काढून बर्डॉक पेरा. वाफा उंच असल्याने झेंडूही पावसात तग धरतो.

पानं पिवळी पडायला लागली की एक मूळ काढून पाहा. अंगठ्याएवढी जाडी पुरे. जास्त जाडीच्या आशेने जमिनीत ठेवलं तर मूळ आतून भेंडाळतं, पोकळ होतं. चार बाय तीनच्या वाफ्यात चाळीसेक रोपं मावतात. सगळं नीट जमलं तर चार ते सहा किलो मुळं हाती येतील. हा विक्रीचा धंदा नाही, घरच्या ताटाची सोय आहे.

तण होऊन पसरेल का?

रास्त शंका. अमेरिकेत बर्डॉक बऱ्याच भागांत तण म्हणून माजलेलं आहे, आणि बाहेरून आलेल्या रानमोडीने आपल्या डोंगरांचं काय केलं ते आपण पाहतोच आहोत. पण बर्डॉकला फुलण्यासाठी आधी पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते, तीही कित्येक आठवडे. मगच पुढच्या मोठ्या दिवसांत दांडा येतो. दापोलीला एखाद्या पहाटे कडाका पडतो, पण तेवढ्याने भागत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे प्रसार नाही. तरीही एखाद्या रोपाने दांडा काढलाच तर तो ताबडतोब छाटावा.

याची दुसरी बाजू अशी की घरचं बी धरता येणार नाही. दरवर्षी विकत घ्यावं लागेल. ते भारतातल्या, पाकिटावर जातीचं नाव आणि मुदत छापणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. परदेशातून टपालाने मागवलेलं किंवा जपानहून येणाऱ्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेलं बी नको. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे बाहेरचं बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामागे कारण आहे: बियांबरोबर येणारा एखादा रोग आपल्या बागांना पिढ्यानपिढ्या छळू शकतो.

औषध आहे म्हणतात, ते?

भाजी म्हणून मूळ चांगलं आहे. चोथा भरपूर, आणि शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. त्यातल्या पिठूळ भागात इन्युलिन नावाचा तंतू असतो. तो आपल्याला पचत नाही, आतड्यातले उपयोगी जिवाणू तो खातात, म्हणून पहिल्यांदा ताटभर खाल्लं तर पोटात वारा धरतो. इन्युलिनचा इन्सुलिनशी काही संबंध नाही. मधुमेहाची गोळी या मुळाच्या भरवशावर बंद करायला सांगणारा माणूस तुमचं भलं करत नाही. 'रक्तशुद्धी' या दाव्यालाही माणसांवरच्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही.

गर्भवतींनी ते टाळलेलं बरं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. गाजरगवत किंवा शेवंतीने अंगाला खाज सुटणाऱ्यांनीही सांभाळून, कारण कूळ एकच.

धोतऱ्याचं मूळ आणि हे मूळ

हा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. जपानमध्ये परसातल्या धोतऱ्याचं मूळ गोबो समजून शिजवल्याने विषबाधा झाल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत, आणि तिथलं आरोग्य मंत्रालय त्याबद्दल इशारा देतं. धोतरा आपल्याकडे गावठाणात, गडग्याच्या कडेला कुठेही उगवतो. त्यातल्या अट्रोपीन, स्कोपोलामीन या विषांनी तोंडाला कोरड पडते, बुबुळं मोठी होतात, छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो. शिजवून हे विष जात नाही.

पानं असताना फरक सोपा आहे: बर्डॉकच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लव असलेली असते. धोतऱ्याचं पान तसं नसतं. पानं गळल्यावर मात्र दोन मुळांत गल्लत होऊ शकते. म्हणून वाफ्यात दुसरं काही उगवू देऊ नका, मुळं पानांसकट काढा, आणि वाफ्याबाहेर सापडलेलं मूळ कितीही सारखं दिसलं तरी खाऊ नका. कुणी चुकून खाल्लं असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

चव आणि चूल

चव मातकट, किंचित गोड, थोडी अळकुडीच्या जवळ जाणारी, पण बुळबुळीत नाही, करकरीत. साल जाड सोलू नका, स्वाद सालीलगतच असतो. नारळाच्या काथ्याने घासून धुतलं की पुरे. चिरल्याबरोबर काप काळे पडायला लागतात, म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं टाका. जास्त वेळ ठेवलं तर चवच पाण्यात जाते. लोखंडी कढईत भाजी काळीभोर होते. त्याने अपाय नाही, पण पाहुण्यांना वाढताना दुसरं भांडं बरं.

जपानी किन्पिरा म्हणजे गाजर आणि गोबोच्या काड्या तेलावर परतून सोया सॉस, साखर आणि तीळ. आपल्याकडे राई-हिंगाची फोडणी, सुकी मिरची, गूळ, कोकम आणि वरून ओलं खोबरं घातलं तर तीच भाजी घरची होते. सुकटीबरोबरही छान जमते. जाडसर मूळ असेल तर तिरपे काप करून मीठ-तिखट लावायचं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजायचे, सुरणाचे करतो तसे. उरलेली मुळं न धुता, मातीसकट ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की टिकतात.

आपले कंद सोडून हे कशाला?

सोडून नव्हेच. कोनफळ, करांदे, कणगर, सुरण हे आपले कंद पावसावर वाढतात, फारसं काही मागत नाहीत, आणि परसात जागा थोडीच असेल तर पहिला मान त्यांचा. माझं म्हणणं एवढंच की बर्डॉक काढून झाल्यावर त्याच वाफ्यात हे कंद लावता येतात. कोनफळ वळवाच्या पावसाच्या सुमारास लावतात आणि पौष-माघात काढतात, बर्डॉक दसरा ते शिमगा या कोरड्या महिन्यांत वाढतं.

बर्डॉक त्याच मातीत लगोलग पुन्हा लावता येत नाही. सूत्रकृमी आणि बुरशी वाढते, मुळं डागाळतात, म्हणून चार-पाच वर्षं तरी मध्ये जाऊ द्यावी लागतात. तेव्हा शिमग्यानंतर उतरवलेले चिरे परत रचा, त्याच मातीत शेणखत मिसळा, आणि मे महिन्याच्या शेवटी त्या वाफ्यात कोनफळाच्या फोडी लावून शेजारी वेलासाठी एक दांडा पुरा. पुढच्या वर्षीचं बर्डॉक नवी माती भरलेल्या पोत्यांत.